ब्रूडर प्लेट (पिल्लांना ऊब द्यायची, विजेवर तापणारी प्लेट), एकट्या पिल्लासाठी पाच आठवडे वापरली (४ स्टार)

आधी कशासाठी घेतली ते सांगते. जुलैमध्ये आमच्या गावठी कोंबडीखाली ९ अंडी बसवलेली, १९व्या दिवशी ती खायला उतरली आणि मुंगसाने धरली. अंडी पूर्ण गार पडायच्या आत उचलून शेजारच्या काकांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवली पण त्यातनं एकच पिल्लू निघालं.

पहिले दोन दिवस खोक्यात ६० वॅटचा बल्ब लावून ठेवलं. ते पिल्लू इतकं ओरडायचं ना, चिवचिव नाही, मोठमोठ्याने सारखं हाक मारल्यासारखं, आणि रात्रभर उजेड असल्यामुळे झोप अशी नाहीच. दहा पिल्लं असली की एकमेकांना चिकटून ऊब धरतात, ह्याला चिकटायला कोणीच नाही. म्हणून ही प्लेट मागवली, २४०० रुपये.

फूटभर चौकोनी आहे, चार पाय, उंची कमीजास्त होते, उजेड अजिबात नाही. पिल्लाची पाठ प्लेटला टेकेल एवढीच उंची ठेवायची, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, मी आधी एक खाच वर ठेवलेली तर आत जाऊनसुद्धा ओरडतच होतं. खाली घेतली, हाताने दोनदा आत सरकवलं, दोनदा बाहेर आलं, तिसऱ्यांदा आत गेलं आणि गप्प झालं. मी वाकून बघितलं तर मान टाकून झोपलेलं, आईच्या पोटाखाली झोपतात तसं. त्या रात्री मीपण झोपले. बल्बने हे कधीच झालं नसतं, ह्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल.

बल्ब असला की पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ डिग्री धरा, मग दर आठवड्याला ३ कमी करा असं थर्मामीटर घेऊन बसावं लागतं, इथे पिल्लू वाढेल तसे पाय उंच करायचे. वीज पण कमी, माझीवर २२ वॅट लिहिलंय.

आता तक्रारी. थर्मोस्टॅट नाही. प्लग इतका सैल की हलला की प्लेट बंद, विकणाऱ्याला दोनदा मेसेज केला, उत्तर नाही. वरचा भाग सपाट असल्यामुळे दुसऱ्या आठवड्यापासून पिल्लू वर चढून शिटतं, मी पुठ्ठा तिरका बांधला. आणि लाईट गेली की लगेच गार पडते, आमच्याकडे कोकणात पावसात लाईट जाणारच, तेव्हा गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून शेजारी ठेवत होते.

पण प्लेटने ऊब मिळते, सोबत नाही मिळत हे लक्षात घ्या. पहिल्या एकदोन दिवसांत जे हलताना दिसेल त्यालाच पिल्लू आई समजतं, आमचं माझ्या हातामागे धावायचं. खायला शिकवायलाही कोणी नाही म्हणून मी स्टार्टरमध्ये (लहान पिल्लांचं खाद्य) बोटाने टकटक करायचे, मग ते टोचायचं. पाण्याच्या झाकणात गोट्या टाका, बुडायची भीती नाही. खाली पेपर नको, घसरून पाय फाकतात, भाताचं तूस चालतं. आरसा लावला तर तासन्तास त्याच्यापुढे उभं राहायचं, ते बघून मला फार वाईट वाटलं.

८व्या दिवशी आठवडी बाजारातून साधारण त्याच वयाची दोन पिल्लं आणली. त्याआधी त्याला लासोटाचा (राणीखेत रोगाची लस) थेंब देऊन घेतला होता, त्याची कुपी निदान १०० डोसांची येते आणि कालवली की लगेच संपवावी लागते म्हणून एका पिल्लासाठी विकत घेऊ नका, जनावरांच्या दवाखान्यात लस देतात त्या दिवशी घेऊन जा. बाजारातली चार दिवस वेगळी ठेवली, आजारी नाहीत बघितलं आणि मग रात्री अंधारात तिन्ही एकत्र प्लेटखाली सोडली. सकाळी एकाच्या अंगावर एक अशी झोपलेली होती. त्या दिवसापासून ती मोठ्याने मारलेली हाक मी परत ऐकली नाही.

५ आठवड्यांनी पिसं भरली तशी प्लेट काढली. धुवून माळ्यावर ठेवलीय. तुम्ही घेणार असाल तर आल्याआल्या प्लग बदलून घ्या.