आम्लपित्ताने झिजलेल्या दातांसाठी स्टॅनस फ्लोराइडची टूथपेस्ट : सहा महिन्यांचा अनुभव

गार पाण्याचा घोट घेतला की वरच्या पुढच्या दातांत सणक जात असे आणि सकाळी उठल्यावर दात आंबलेले वाटत, पण त्याचा पोटाशी काही संबंध असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. दंतवैद्यांनी छोटा आरसा धरून त्या दातांची टाळूकडची बाजू मला दाखवली. ती गुळगुळीत, पिवळसर आणि कडेला इतकी पातळ झाली होती की पलीकडचा उजेड दिसावा; दाढांच्या टोकांवरही वाटीसारखे बारीक खळगे पडले होते. कीड मात्र कुठेच नव्हती. रात्री घशाशी येणाऱ्या आंबट पाण्याने ही झीज झाली होती, कारण झोपेत लाळ फार कमी सुटते आणि दातांवर आलेले आम्ल तसेच राहते. पीएच (आम्लता मोजणारा आकडा; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमल, म्हणजे दाताचे वरचे कठीण कवच, विरघळू लागते. जठरातले आम्ल त्याहून कितीतरी तीव्र असते.

त्यांनी सुचवलेली 0.454 टक्के स्टॅनस फ्लोराइडची, म्हणजे कथिलयुक्त फ्लोराइडची, टूथपेस्ट मी तेव्हापासून वापरते आहे. तिच्यातल्या कथिलाच्या संयुगांचा थर दातांवर बसून आम्लाचा मारा काही अंशी सोसतो आणि उघड्या पडलेल्या डेंटिनच्या, म्हणजे एनॅमलखालच्या थराच्या, सूक्ष्म नलिका बुजवतो. माझी सणक महिनाभरात बरीच उतरली. चव किंचित धातूसारखी लागते, आणि खालच्या दातांवर फिकट तपकिरी डाग आले, ते सफाईत निघाले.

माझी खरी तक्रार वेष्टनाबद्दल आहे. ब्रश केव्हा करावा याविषयी त्यावर एक शब्दही नाही. तोंडातला आंबटपणा जावा म्हणून मी कित्येक वर्षे आंबट पाणी वर आल्याबरोबर जोर लावून दात घासत आले, म्हणजे आम्लाने मऊ पडलेले एनॅमल स्वतःच्या हाताने खरवडत आले, आणि हे मला कोणीतरी आधी सांगायला हवे होते. आता मी साध्या पाण्याने किंवा ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरते आणि निदान अर्ध्या तासाने मऊ ब्रश वापरते.

गेलेले एनॅमल कोणत्याही पेस्टने पुन्हा वाढत नाही. गेल्या तपासणीत जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले तेव्हा झीज पुढे सरकलेली दिसली नाही. मात्र त्याच काळात पोटाच्या डॉक्टरांचे औषधही चालू होते, त्यामुळे सगळे श्रेय या पेस्टला देता येणार नाही.