टिळक रोडवरचं लॅपटॉप रिपेअरचं दुकान: फॉरमॅट न मारता काम झालं

बाबांचा लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या जनरेशनचा आय थ्री, ४ जीबी रॅम आणि आत तीच मूळची फिरणारी हार्ड डिस्क. दिवाळीच्या आधी विंडोज १० चा अपडेट आला आणि ३५ टक्क्यांवर जो अडकला तो अडकलाच. ठिपके गोल गोल फिरतायत, खाली लिहिलंय बंद करू नका, आणि बाबा अर्थातच बंद करत नाहीयेत. रात्रभर चार्जिंगला तसाच, वर धूळ नको म्हणून टॉवेल. सकाळी हात लावला तर तवा!

आधी मीच खटपट केली. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद केला, परत चालू केला तर तो दीड तास केलेले बदल मागे घेत बसला आणि डेस्कटॉप आला, पण रात्री परत ३५. मग अपडेटची सर्व्हिस थांबवून विंडोजच्या फोल्डरमधल्या सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन ह्या फोल्डरचं नाव बदललं, म्हणजे अर्धवट उतरलेलं सगळं सोडून तो नव्याने डाउनलोड करतो. बऱ्याचदा एवढ्याने काम होतं, आमचं नाही झालं.

घराजवळच्या एका दुकानात नेला तर त्याने झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, फॉरमॅट मारावा लागेल, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायचं, डेटाची गॅरंटी नाही. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, नऊ वर्षांचा मेंटेनन्सचा हिशोब त्याच एक्सेलमध्ये, बॅकअप शून्य. काही न बोलता लॅपटॉप काखेत मारून बाहेर.

मग हे टिळक रोडचं. पहिला मजला, अरुंद जिना, काउंटरवर स्क्रूंच्या डब्या. तिथल्या दादाचा पहिलाच प्रश्न, "काका, अडकला तेव्हा डिस्कचा लाईट लुकलुकत होता का सलग पेटलेला?" सलग पेटलेला, मी म्हटलं. तेवढ्यावर त्याने मागचं झाकण खोललं, डिस्क काढून स्वतःच्या कॉम्प्युटरला लावली आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. डिस्कची हेल्थ पिवळी, म्हणजे धोक्याची, आणि खराब सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे बिघडलेले कप्पे, बरेच. अपडेट हजारो बारीक फायली लिहितो, खराब जागा आली की डिस्क तिथेच परत परत प्रयत्न करत बसते, म्हणून आकडा हलत नाही. "अपडेटचा दोष नाही काका, जमीनच खचलीये."

२५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, टाकून त्याच्यावर क्लोन मारला, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल. दोन फायली नाही आल्या, कुठल्या ते नावासकट सांगितलं, एक माझ्या मावसभावाच्या लग्नाचा व्हिडिओ. बाबा म्हणाले जाऊ दे, तसंही कोण बघतंय. एक्सेल मात्र सगळं जिथल्या तिथे. त्यानंतर तोच अपडेट आमच्यासमोर वीसेक मिनिटांत झाला, चहा येईपर्यंत. एसएसडी आणि मजुरी मिळून ३,२०० रुपये, बिल न मागता दिलं.

मला सगळ्यात आवडलं ते हे की नवीन लॅपटॉप गळ्यात मारायचा प्रयत्न केला नाही. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो त्यामुळे ह्यावर ते येणार नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे त्याने सरळ सांगितलं. पण मायक्रोसॉफ्टकडे नोंदणी केली तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात, आणि ती करायला आधीचे अपडेट पूर्ण लागतात, म्हणून हे अडकलेलं सोडवणं गरजेचंच होतं. नोंदणी पण त्यानेच करून दिली.

आता कुरकुर. चारला या म्हणाला आणि हातात मिळाला साडेसातला, खराब डिस्कवरून क्लोन रखडतो हे मान्य, पण फोन तरी उचल ना. पार्किंग विसरा, बसने जा. जिना वयस्कर माणसांसाठी नाहीच, बाबा दोनदा थांबले. एक स्टार त्याचा कापला.

जुनी डिस्क त्याने पाऊचमध्ये घालून वर मार्करने 'खराब' लिहून परत दिली. बाबांनी ती कपाटात एफडीच्या कागदांजवळ ठेवलीये.