कार्बन डायऑक्साइडपासून सायक्लिक कार्बोनेट: मॉफ घ्यावा की रेझिन?

इपॉक्साइडमध्ये (दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं छोटं वलय असलेल्या संयुगात) कार्बन डायऑक्साइड जोडून सायक्लिक कार्बोनेट बनवायचं ठरलं की प्रश्न उरतो तो उत्प्रेरकाचा. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे: यूआयओ-६६ हा झिर्कोनियमचा मॉफ (धातू आणि सेंद्रिय दुव्यांची सच्छिद्र जाळी), आणि पॉलिस्टायरिनच्या मण्यांवर चतुष्क अमोनियम ब्रोमाइड बसवलेलं रेझिन.

वेगात मॉफ सरस, हे आधीच मान्य करतो. जाळीतल्या उणिवांपाशी उघडा पडलेला झिर्कोनियम इपॉक्साइडचा ऑक्सिजन धरतो, ब्रोमाइड वलय उघडतो, मग कार्बन डायऑक्साइड आत शिरतो. मॉफचं काम माझ्याकडे दुपारपर्यंत उरकायचं, रेझिनला रात्र लागायची, तीही १०० अंशांच्या आसपास. उष्णता टाळायचीच असेल तर मॉफचा विचार जरूर करा.

पण हा ब्रोमाइड मॉफमध्ये नसतो. तो बाहेरून, टेट्राब्युटिलअमोनियम ब्रोमाइड म्हणून घालावा लागतो, आणि हे मीठ प्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये, म्हणजे मी बनवत असलेल्या मालातच, छान विरघळतं. मॉफ गाळून परत मिळाला, पण मीठ मालातच राहिलं. पुढच्या खेपेला ते पुन्हा मोजून घाला. मग पुनर्वापर नेमका कशाचा झाला? ऊर्ध्वपातन करावं, तर प्रॉपिलीन कार्बोनेटचा उकळबिंदू २४२ अंश. माझ्या पंपाचा निर्वात बेताचाच; मीठ तापून फुटलं आणि मालाला अमाइनचा वास लागला. लिथियम बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटसाठी असा माल कोण घेईल? त्यात मॉफची भुकटी इतकी बारीक की गाळणी तुंबते आणि प्रत्येक खेपेला थोडी हातची जाते.

रेझिनमध्ये ब्रोमाइडचा धन जोडीदार मण्यालाच बांधलेला असतो. द्रव वरून ओतून घेतला की झालं. चुंबकी कांडीने ढवळलं तर मणी भरडले जातात, हे मी पहिल्याच खेपेला शिकलो. वरून पाती लावून ढवळणं बरं. तापमान फार चढवलं तर अमोनियमचे गट तुटतात. ब्रोमाइड हळूहळू कमी होतो हेही खरं, पण मणी सोडियम ब्रोमाइडच्या द्रावणात भिजवले की बरीचशी भरपाई होते.

मॉफच्याच सांगाड्यात ब्रोमाइडचं मीठ रासायनिक बंधाने बसवण्याचे प्रयोगही झाले आहेत, आणि तसा मॉफ हाताशी असेल तर माझी तक्रार बरीच सौम्य होईल. साध्या मॉफपुरतं विचाराल, तर मी आजही मण्यांचीच बाटली उघडतो.