सेल्फ ड्राइव्ह गाडी, कुळदेवीची वारी आणि नंतर आलेलं 11,021 रुपयांचं बिल

डिसेंबरमध्ये आईबाबांना घेऊन पुण्याहून गोव्यात कवळ्याला शांतादुर्गेला जायचं ठरलं. कुळदेवी आहे, चार वर्षं जाणं झालं नव्हतं आणि बाबांच्या गुडघ्यामुळे बसचा प्रवास नको होता. आमच्या छोट्या गाडीत सहा जण मावत नाहीत म्हणून ॲपवरून सात सीटर सेल्फ ड्राइव्ह बुक केली, गुरुवारी सकाळी 6 ते रविवारी रात्री 10, हजार किलोमीटरचं पॅकेज. कंपनीचं नाव इथे लिहीत नाहीये कारण मला कोणाला बदनाम करायचं नाहीये, मला फक्त हे सांगायचंय की अशी गाडी घेताना पैसे नेमके कुठे कुठे कापले जातात आणि त्यातले परत कसे मिळाले.

आधी गाडीबद्दल बोलते, कारण गाडी खरंच चांगली होती. टायर नवे, एसी शेवटच्या सीटपर्यंत पोचत होता, आणि आंबोली घाटात पूर्ण भरलेली गाडी नवऱ्याने आरामात काढली. काळी नंबर प्लेट आणि पिवळी अक्षरं होती, म्हणजे रीतसर भाड्याची नोंदणी. हे आवर्जून बघा. गोव्यात तर पांढऱ्या प्लेटच्या खाजगी गाड्या सर्रास भाड्याने देतात आणि तिथे पोलिसांनी अडवलं की दंड, मनस्ताप सगळं टुरिस्टच्या गळ्यात पडतं, शिवाय अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. इथे तो प्रश्न नव्हता. देवदर्शन छान झालं, आईने देवीची ओटी भरली, मंगेशीला जाऊन आलो, येताना एक रात्र वेंगुर्ल्याला राहिलो आणि मालवण केलं. रविवारी रात्री घरी पोचलो तेव्हा सगळे खूश होते.

भाड्याचं म्हणाल तर ॲपवर पहिल्या स्क्रीनला 9,999 दिसतात आणि पैसे भरायच्या स्क्रीनवर घरपोच डिलिव्हरी, प्रोटेक्शन पॅकेज, जीएसटी असं सगळं धरून 14,160 होतात. त्यावर 5,000 डिपॉझिट वेगळं. हे निदान भरायच्या आधी दिसतं, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार बुधवारी सुरू झाली. ऑफिसात होते आणि मेसेज आला की तुमच्या ट्रिपचे एकूण 11,021 रुपये चार्जेस झालेत, डिपॉझिटचे 5,000 वळते करून घेतलेत, उरलेले 6,021 तीन दिवसांत भरा. मी तो मेसेज दोनदा वाचला. पेट्रोल कमी 1,840, मागच्या बंपरला स्क्रॅच 4,500, उशिरा परत केली म्हणून 1,150, फास्टॅग 1,365, क्लीनिंग 750 आणि जास्तीचे 118 किलोमीटर, 12 रुपयांप्रमाणे 1,416. बुकिंग बाबांच्या नंबरवरून केलं होतं त्यामुळे संध्याकाळी त्यांना फोन पण आला, तिकडचा माणूस हिंदीत म्हणाला की पैसे भरले नाहीत तर तुमचा सिबिल खराब होईल. बाबा बँकेतून रिटायर झालेत, आयुष्यात कोणाचा एक रुपया बुडवला नाही त्यांनी, रात्री जेवले नाहीत नीट, मला म्हणाले भरून टाक गं, देवीला जाऊन आलोय, कशाला वाद. तेव्हाच मी ठरवलं की जे आपल्या अंगावर आहे ते देऊ, पण जे नाही त्यातला रुपयाही देणार नाही. आणि सिबिलचं म्हणाल तर तिथे कर्जाचा आणि क्रेडिट कार्डाचा हिशोब असतो, गाडीच्या भाड्यावरून झालेला वाद म्हणजे कर्ज नाही. कोणी असं बोललं तर घाबरू नका, तेच वाक्य मेलवर लिहून पाठवा म्हणावं, कोणी पाठवत नाही.

आता एकेक चार्ज.

स्क्रॅचपासून सुरू करते कारण तो सगळ्यात मोठा. डिलिव्हरीचा मुलगा पहाटे साडेपाचला गाडी घेऊन आला, बाहेर काळोख, पार्किंगमध्ये एकच ट्यूबलाइट, आणि गाडी नुकतीच धुतलेली, अंगभर पाण्याचे थेंब. मुलगा बिचारा चांगला होता, म्हणाला ताई फोटो मी काढलेत, तुम्ही फक्त ओटीपी द्या, मला अजून दोन गाड्या सोडायच्यात. आई डब्यांची पिशवी घेऊन उभी, बाबा आधीच सीटवर बसलेले. घाई कोणाला नसते अशा वेळी. पण नवऱ्याने म्हटलं दादा दोन मिनिटं थांबा, मोबाइलचा टॉर्च लावला आणि मी माझ्या फोनवर गाडीभोवती एक चक्कर मारून व्हिडिओ काढला. ओल्या गाडीवर बारीक स्क्रॅच दिसत नाही हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, पाण्याखाली तो झाकला जातो आणि वाळला की पांढरा उमटतो. आमच्या डोळ्यांना तेव्हा काहीच दिसलं नव्हतं. बुधवारी रात्री तो व्हिडिओ लॅपटॉपवर थांबवून थांबवून बघितला, तर मागे डाव्या बाजूला नवऱ्याने टेकताना हाताने पाणी पुसलं गेलंय आणि तेवढ्याच पुसलेल्या भागात वीतभर लांबीची तिरकी रेघ, टॉर्चच्या उजेडात स्पष्ट. कंपनीने पाठवलेल्या फोटोतली रेघ अगदी तीच, खालच्या टोकाला हुकासारखा छोटा बाक आहे तो सुद्धा तोच. तो स्क्रीनशॉट आणि त्यांचा फोटो शेजारी शेजारी लावून पाठवला.

आणि हो, प्रोटेक्शन पॅकेज घेतलं होतं ना, मग स्क्रॅचचे पैसे कसे, असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटलं. नियम नीट वाचल्यावर कळलं की नुकसानीचे पहिले 5,000 आपल्याच खिशातून जातात, त्यापुढचं काय ते पॅकेजमध्ये. स्क्रॅचचा आकडा 4,500. म्हणजे पॅकेजचे पैसे भरूनही रोजच्या खरचट्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही, मोठा अपघात झाला तरच. हे बुकिंगच्या पानावर ठळक लिहायला हवं, ते तिसऱ्या लिंकच्या आत आहे.

पेट्रोल. नियम असा की जेवढं मिळालं तेवढं भरून परत द्या. आम्हाला गाडी मिळाली तेव्हा काटा अर्ध्याच्या खाली होता, परत देताना आम्ही वारज्याच्या पंपावर भरून अर्ध्याच्या किंचित वर ठेवलं. त्यांच्या रेकॉर्डला मात्र सुरुवातीला 75 टक्के लिहिलेलं. डॅशबोर्डचा फोटो होता माझ्याकडे, इग्निशन चालू करून काढलेला, किलोमीटरचा आकडा, काटा आणि घड्याळातली 5:41 ही वेळ तिन्ही एकाच फोटोत. किलोमीटरचा आकडा त्यांच्या रेकॉर्डशी जुळत होता त्यामुळे फोटो दुसऱ्या दिवशीचा आहे असं म्हणायची सोयच नव्हती. हा एक फोटो 1,840 रुपयांचा ठरला.

उशीर. हे मला सगळ्यात जास्त लागलं. आम्ही खंबाटकीला ट्रॅफिक लागेल म्हणून मालवणहून मुद्दाम लवकर निघालो, बाबांना मध्ये फक्त एकदाच चहाला थांबवलं, आणि 9:35 ला सोसायटीत गाडी लावली. घ्यायला येणारा माणूस आला 11:18 ला. ट्रिप त्याच्या फोनवरून बंद होते, आपल्या हातात ते बटणच नाही, म्हणजे त्यांचा माणूस जेवढा उशिरा येईल तेवढा उशीर आपल्या नावावर. आमच्या गेटवर वॉचमन काका प्रत्येक गाडीची एन्ट्री करतात, त्यांच्याकडून दोन्ही नोंदी घेतल्या, आमच्या गाडीची आत येतानाची आणि त्या माणसाची, शिवाय मी त्याला 9:40 पासून केलेले पाच फोन कॉल लॉगमध्ये होतेच. काकांनी रजिस्टरच्या पानाचा फोटो स्वतः काढून दिला, म्हणाले ताई लागलं तर सही पण करतो.

फास्टॅगचं प्रकरण जरा वेगळं आहे. टॅग गाडीमालकाचा, त्यामुळे टोल कापल्याचा मेसेज कंपनीच्या नंबरला जातो, आपल्याला दिसत नाही, शेवटी एकदम आकडा येतो. नवरा म्हणाला आपला फास्टॅगचा वार्षिक पास आहे की, पण तो पास त्या त्या गाडीच्या टॅगला बांधलेला असतो आणि मुळात खाजगी गाड्यांसाठीच आहे, भाड्याच्या गाडीला चालत नाही. म्हणून टोलची पूर्ण यादी मागितली, तारीख, वेळ, नाक्याचं नाव. दोन मेल केल्यावर आली. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, कोगनोळी, सगळे बरोबर, जाताना आणि येताना. आणि त्याच्याखाली सोमवारी दुपारच्या मुंबई पुणे एक्सप्रेसवेच्या दोन एन्ट्री, मिळून 320 रुपये. सोमवारी दुपारी मी ऑफिसात होते आणि गाडी पुढच्या कोणाकडे तरी मुंबईला चालली होती. यादी मागितली नसती तर त्या माणसाचा टोल आम्ही भरला असता आणि कळलंही नसतं.

उरलं क्लीनिंग आणि किलोमीटर. किलोमीटर आमचेच, मालवणला जायचं आयत्या वेळी ठरलं आणि हजारचं पॅकेज आहे हे माहीत असून हिशोब केला नाही, 1,416 बरोबर आहेत. क्लीनिंगचे 750 मला जास्त वाटतात पण मुलांच्या पायाची वेंगुर्ल्याची वाळू मागच्या मॅटमध्ये होती, फोटोत दिसतेय, त्यामुळे त्यावर वाद घातला नाही. परत देण्याआधी पंपावर शंभर दीडशे देऊन व्हॅक्यूम मारून घेतला असता तर हे वाचलं असतं.

आता पैसे परत कसे मिळाले ते. चॅटवर तक्रार केली तर आधी मशीनच उत्तर देतं, दोन वेळा तक्रारीचं तिकीट मला न विचारता बंद झालं. मग मेल केला, एका चार्जला एक परिच्छेद आणि त्याखाली त्याचाच पुरावा, सगळं एकाच मेलमध्ये. आठ दिवस काही नाही, उलट बाबांना अजून दोन फोन. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला. सकाळी 8 ते रात्री 8 चालू असतो, मराठीत बोलता येतं, पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली आणि नंबर दिला. ही हेल्पलाइन कोर्ट नाही, ती आपली तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि उत्तर मागते. पण फरक पडला. नऊ दिवसांनी पहिल्यांदा एका जित्याजागत्या माणसाचा मेल आला, नाव आणि हुद्दा असलेला. तिथेही काही झालं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि तक्रार ऑनलाइन करता येते, वकील लागतोच असंही नाही. बाबांनी कागद फाइलला लावायला सुरुवात केली होती, बँकेतल्यासारखी वर अनुक्रमणिका घालून.

शेवटी स्क्रॅच, पेट्रोल, उशीर आणि ते 320, मिळून 7,810 रुपये त्यांनी रद्द केले. आमच्या अंगावर राहिले 3,211, ते डिपॉझिटमधून गेले आणि 1,789 बाबांच्या खात्यात परत आले. बाबांनी पासबुक भरून आणलं आणि मला त्या ओळीचा फोटो पाठवला.

एक अजून, ई-चलान नंतरही येऊ शकतं. हायवेला कॅमेरे आहेत, चलान गाडीच्या नावावर निघतं आणि कंपनी ते महिन्याने तुमच्याकडे ढकलते, वर प्रोसेसिंग फी लावून. गाडी हातात असतानाच आरसीचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाचा, फोटो काढून ठेवा म्हणजे ई-चलानच्या साइटवर स्वतः बघता येतं. आम्ही बघितलं, आमच्या तारखांना काही नव्हतं, पण आमच्या आधीच्या आठवड्यातलं एक होतं, त्याचा पण स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

माझ्या चुलत भावाने मागच्या वर्षी कोल्हापुरात एका छोट्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून गाडी घेतली होती, त्या काकांनी कागदावर गाडीचं चित्र छापलेलं दिलं, जिथे जिथे स्क्रॅच आहे तिथे पेनाने गोल केले, पेट्रोलचा काटा कागदावर काढला आणि दोघांच्या सह्या, एक प्रत याला एक त्याला. पाच मिनिटांचं काम. एवढ्या मोठ्या ॲपला हे जमू नये याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण गाड्या त्यांच्या चांगल्या आहेत आणि तो पहाटे आलेला मुलगाही चांगला होता, त्याला वेळच दिलेला नाही.

पाचपैकी दोन स्टार देतेय, दोन्ही गाडीचे. सुरुवातीला पेट्रोल 75 टक्के कोणी आणि कशावरून लिहिलं हे मी त्यांना लेखी विचारलंय, अजून उत्तर नाही. आलं तर इथे खाली टाकते.