टाऊन हॉल म्युझियम, कोल्हापूर : सहावीच्या इतिहासाला एक कपाट पुरतं

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला इतिहास शिकवते. गाव पन्हाळ्याच्या बाजूचं. टाऊन हॉलला वर्ग घेऊन आतापर्यंत तीनदा गेले. पहिली खेप वाया गेली आणि चूक माझीच होती. एवढ्या लांब आलोय तर सगळंच दाखवू म्हणून तलवारी, बंदुका, दगडी मूर्ती, चित्रं असं भराभर फिरवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, काय पाहिलंत? सगळे एका सुरात, "तोफा!" त्या तर बाहेरच ठेवल्यात.

तेव्हापासून फक्त ब्रह्मपुरीसाठी जाते. पंचगंगेकाठचं हे टेकाड. १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी तिथं उत्खनन केलं, सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. म्युझियम सुरू झालं तेही १९४६ मध्येच, या वस्तू ठेवायच्या कुठं म्हणून. टाऊन हॉलच्या इमारतीत ते नंतर आलं. पुस्तकात रोमशी व्यापार म्हणून चार ओळी आहेत. त्यांचा पुरावा इथं काचेमागं उभा आहे. ब्रह्मपुरीत सापडलेला पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. काशाची मूर्ती, उंची वीतभरही नाही. उचललेल्या हातात त्रिशूळ असावा असं मानतात.

पोरं आधी हसतात, कारण देव उघडा आहे. हसू द्यावं. मग त्यांना खाली बसवून वहीत चित्र काढायला सांगते, कारण चित्र काढायचं म्हटलं की नीट बघावंच लागतं. दुसऱ्या खेपेला चित्र काढता काढता एक पोरगा म्हणाला, "बाई, समुद्राचा देव नदीला कशाला आला?" मला तास घ्यायची गरजच उरली नाही. घाट, खालचं कोकण, बंदरं, बैलांवरून येणारा माल, सगळं त्या एका प्रश्नातून निघालं. त्याला व्यापाऱ्यानं आणला असेल की कुणी हौसेनं विकत घेतला असेल, यावर पोरांचं भांडण झालं. मी मिटवलं नाही.

नाण्यांपाशीही थांबा. सातवाहन काळातली शिशाची नाणी आहेत. शिसं म्हटल्यावर मागून आवाज आला, "जाळ्याला लावत्यात त्येच?" तेच. कोल्हापूरकडच्या कुर राजांच्या नाण्यांवर धनुष्यबाण असतो आणि वासिष्ठीपुत्र विळिवायकुर असलं जिभेची परीक्षा घेणारं नाव. गौतमीपुत्र सातकर्णी पुस्तकात भेटलेला असतोच, त्यामुळं आईच्या नावानं ओळख ही गोष्ट पोरींनी लगेच पकडली. आता शाळेच्या कागदावरही आईचं नाव येतं ना.

इमारतीसाठी वेगळी पाच मिनिटं ठेवा. चार्ल्स मँटनं आखलेली, १८७२ ते ७६ मध्ये बांधलेली. उंच टोकदार छपरं बघून पोरांना ते चर्चच वाटतं.

चाळीस पोरं एकदम आत नेऊ नका, काचेपुढं मागच्यांना काही दिसत नाही. आम्ही वीस-वीसच्या दोन तुकड्या करतो. एक आत, दुसरी बागेत डबा खात. सोमवार टाळा. म्युझियम सीपीआर रुग्णालयासमोरच आहे, त्यामुळं पत्ता कुणीही सांगेल. वेळ उरला तर शिवाजी पुलाकडं चालत जाऊन ब्रह्मपुरीचं टेकाड दाखवा. आता वर घरंच घरं आहेत, पण पायाखाली काय होतं ते आत्ताच पाहिलेलं असतं, म्हणून पोरं जपून पाय टाकतात. (दुसऱ्या शहरातल्या एका संग्रहालयात आम्हाला "पुढं चला, पुढं चला" करत दहा मिनिटांत बाहेर काढलं होतं. इथं पोरं जमिनीवर बसून चित्रं काढत होती, कुणी हटकलं नाही.)

घटक चाचणीत विचारलं होतं, रोमन व्यापाराचा एक पुरावा लिहा. एकानं लिहिलं, "कपाटातला देव. कपडे नव्हते. कोकणातनं आला असणार." पैकीच्या पैकी गुण दिले.