मोरजीच्या लाटा, दुपारचे खारे वारे आणि दहा फुटी विंडसप

गोव्यात विंडसर्फिंगसाठी एकच बोर्ड ठेवायचा असेल तर विंडसप घ्या, असं मी आता ठामपणे सांगते. म्हणजे वल्ह्यानेही चालवता येतो आणि मधल्या खाचेत मास्टफूट (शिडाच्या खांबाचा, म्हणजे मास्टचा, खालचा सांधा) बसवून सेल म्हणजे शीडही लावता येतं, असा रुंद बोर्ड. माझा साधारण १० फूट लांब आणि ३२ इंच रुंद आहे, आकारमान १५० लिटरच्या वर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या मापाचे बोर्ड बऱ्याच कंपन्या करतात आणि इथे महत्त्व आहे ते मापाला.

आधी आपला वारा बघा. फेब्रुवारी ते मे जमीन तापली की दुपारी वायव्येकडून खारे वारे सुटतात. बहुतेक दिवशी ८ ते १२ नॉट (ताशी सागरी मैल), एप्रिल-मेमध्ये कधी १४-१५. मोरजी-आश्वेचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे समुद्राकडे बघत उभं राहिलं की वारा उजव्या हाताने तिरका, किनाऱ्याकडे येतो. लाट गुडघ्यापासून कमरेएवढी. पावसाळ्यातला समुद्र मी या हिशेबात धरतच नाही, तो आपला नाही.

अशा ठिकाणी दुकानदार हमखास फ्रीवेव्ह (वेगात पळण्यासाठी आणि लाटांसाठीही काढलेले, लहान) बोर्ड सुचवतात: जेपीचा फ्रीस्टाइल वेव्ह, फॅनॅटिकचा फ्रीवेव्ह, स्टारबोर्डचा कोड, टाबूचा थ्री-एस. बोर्ड सुंदरच आहेत. माझं वजन ६८ किलो. मैत्रिणीचा १०५ लिटरचा फ्रीवेव्ह मी पुष्कळ चालवला आहे. ५.८ चौरस मीटरचं सेल लावून १४ नॉटला तो पाणी सोडून पळायला लागला की दुसरं काही नको वाटतं. पण वारा १० वर आला की तोच बोर्ड पाण्यात बसतो, नाक डोलतं, आणि लाट खालून निघून जाते. त्याचा सगळा आकार प्लेनिंगसाठी, म्हणजे असं पाण्यावर उचलून पळण्यासाठी, काढलेला आहे आणि आपल्या बहुतेक दुपारी प्लेनिंग होतच नाही.

विंडसपला प्लेनिंगची गरज नाही, खरी मजा इथेच आहे. ९ नॉटला ५.० चं हलकं वेव्ह सेल घेऊन सावकाश बाहेर जायचं, फेसाळ पाण्यातून लांब नाक वर काढत. बाहेर वळायचं, लाटेचा उठाव दिसला की एक-दोनदा सेल पंप करायचं, म्हणजे झटक्याने ओढून सोडायचं. बोर्ड लांब असल्यामुळे लाट फुटण्याआधीच तो तिच्यावर चढतो. त्या क्षणी सेलमधला दाब जवळजवळ नाहीसा होतो, बूम (सेल धरायचा आडवा दांडा) हातात हलका लागतो आणि पुढचं काम लाट करते. मग मागचा पाय शेपटीवर नेऊन टाच दाबली की एवढा मोठा बोर्डसुद्धा वळतो. मोठं सेल मात्र लावू नका. साडेसहाचं सेल लाटेवर इकडून तिकडे फिरवेपर्यंत लाट संपलेली असते.

आणि वारा पडला तर? किनाऱ्यापासून दोन-तीनशे मीटरवर हा प्रश्न गमतीचा राहत नाही. मी ६८, सेल-मास्ट-बूम मिळून १० किलो, बोर्ड स्वतः १२ च्या आसपास, म्हणजे नव्वद किलो. १५० लिटर ते सहज तोलून धरतं. त्यावर उभं राहून अपहॉलच्या दोरीने सेल उचलता येतं आणि झुळझुळ वाऱ्यावरही परत येता येतं. ८० लिटरच्या वेव्ह बोर्डवर हे शक्यच नाही. १९६८ साली जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइत्झर यांनी ज्या विंडसर्फिंग बोर्डाच्या पेटंटसाठी अर्ज केला, तोही लांब, तरंगता, मंद वाऱ्यावर चालणाराच होता.

उणीव एकच, पण खरी: वाऱ्याच्या वर चढताना हा बोर्ड रडवतो. माझ्याला डॅगरबोर्ड (बोर्डाच्या पोटातून पाण्यात सोडायची फळी) नाही, कडा गोल आहेत. मास्टजवळ उभं राहून वाऱ्याखालची कड पाण्यात दाबली तर चढतो, पण हळू. बोर्डाखालचा मधला फिन (पर) ९ इंचांपेक्षा लहान लावू नका. बाजूचे दोन छोटे फिन लाटेवर पकड देतात, ते असू द्या.

फॉइलबद्दल, म्हणजे बोर्डाखाली खांबावर लावलेल्या, बोर्डाला पाण्यावर उचलणाऱ्या पंखाबद्दल, सगळे विचारतात. पॅरिस २०२४ पासून ऑलिंपिकमध्येही फॉइलच आलं आणि सपाट पाण्यात ८-९ नॉटला ते खरंच उडतं. पण त्याचा खांब मीटरभर खाली जातो. आपल्या वाळूच्या पट्ट्यांवर, फुटणाऱ्या लाटांत ते मला धोक्याचं वाटतं.

मोसम संपताना उत्तर गोव्यात परतीला निघालेले पाहुणे बोर्ड विकतात, त्यांच्याकडे विचारून बघा. घेताना मास्टची खाच आणि टाचा पडतात ती जागा अंगठ्याने दाबून पाहा. मऊ लागली तर नको. बोर्डातली हवा सोडायचा स्क्रू हाताने फिरवायचा असेल तर उन्हात गाडीच्या टपावर नेताना सैल करा आणि पाण्यात उतरण्यापूर्वी आठवणीने घट्ट लावा. पणजीहून म्हापसा-शिवोलीमार्गे जाताना १० फूट टपावर बांधणं जमत नसेल तर हवा भरायचा विंडसप पिशवीत मावतो, पण मास्टखाली तो वाकतो आणि लाटेवर ते जाणवतं. जागा असेल तर कडकच घ्या.

वजन ८५ च्या वर असेल तर ३४ इंच रुंदी बघा. आणि मच्छीमार रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर त्या बाजूला उतरूच नका, जाळं त्यांच्या पोटाचं आहे.