वजन उतरतंय, पण स्नायू टिकलेत का? मोजायच्या पद्धतींची तुलना

साठी-सत्तरीतल्या माणसाचं वजन पाच-सहा किलोंनी उतरलं की घरचे खूश होतात. त्यात चरबी किती गेली आणि स्नायू किती, हे साधा वजनकाटा सांगत नाही. या वयात गेलेले स्नायू परत मिळवणं फार अवघड असतं. म्हणून डाएट सुरू करण्याआधीच मोजायचं कशाने हे ठरवा आणि पहिली नोंद तेव्हाच करून ठेवा.

बहुतेकांच्या मनात दोनच पर्याय असतात: घरी मिळणारा बॉडी कॉम्पोझिशनचा काटा किंवा डेक्सा स्कॅन.

घरचा काटा शरीरातून सौम्य वीजप्रवाह सोडतो, त्यावरून पाण्याचा अंदाज घेतो आणि बाकीचे आकडे सूत्राने काढतो. खरी अडचण इथेच आहे. खाणं कमी केलं की पहिल्या एक-दोन आठवड्यांत ग्लायकोजेन (स्नायू आणि यकृतातला साखरेचा साठा) बरंच घटतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणीही जातं. काटा ते स्नायूंच्या खात्यातून वजा करतो आणि माणूस उगाच धास्तावतो. उलट पायांवर सूज असेल तर आकडा फुगतो. वापरायचाच तर सकाळी उपाशीपोटी, लघवी करून आल्यावर, दर वेळी त्याच काट्यावर उभं राहा आणि एकेका आकड्यापेक्षा काही महिन्यांचा कल पाहा. पेसमेकर असेल तर हा काटा नकोच.

डेक्सा यापेक्षा पुष्कळ भरवशाचा. हाडांची घनता तपासतात तेच हे यंत्र, किरणोत्सर्गही अगदी थोडा. पण रिपोर्टमधलं 'लीन मास' (चरबी आणि हाडं वगळून उरलेलं वजन) म्हणजे निव्वळ स्नायू नव्हेत. त्यात पाणी आणि अवयवही आले. चरबीच्या ऊतीतही थोडं पाणी आणि प्रथिनं असतात, त्यामुळे नुसती चरबी घटली तरी लीन मास थोडं खाली येतं. म्हणून डॉक्टरांना हातापायांचा वेगळा आकडा विचारा. अर्ध्या किलोच्या फरकावर निष्कर्ष काढू नका, तेवढी चूक मोजमापातच असू शकते. दर महिन्याला स्कॅन करण्यात अर्थ नाही. सुरुवातीला एकदा आणि साधारण सहा महिन्यांनी पुन्हा, त्याच यंत्रावर, एवढं पुरे.

एमआरआय आणि सीटी स्नायू थेट दाखवतात, सीटीत स्नायूंत शिरलेली चरबीही कळते. पण नुसत्या या कामासाठी ते करून घ्यायची गरज मला वाटत नाही. ड्युटेरियम (हायड्रोजनचा जड प्रकार) लावलेलं क्रिएटिन, म्हणजे स्नायूंत साठणारा एक पदार्थ, पोटात देऊन लघवी तपासायची पद्धतही आहे. ती स्नायूंच्या जास्त जवळ जाते, मात्र सध्या मुख्यतः संशोधनातच वापरतात. पोटरीला टेप लावणं सोपं, पण तिथली चरबी उतरली तरी घेर कमी होतो.

यापैकी काहीही निवडलं तरी ताकद मोजणं सोडू नका. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 65 वर्षांवरच्या 160 स्थूल व्यक्ती होत्या. व्यायामाच्या तिन्ही गटांचं वजन सारखंच, सुमारे 9 टक्के घटलं. लीन मास मात्र फक्त एरोबिक करणाऱ्यांत 5 टक्के, वजनांचा व्यायाम करणाऱ्यांत 2 टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांत 3 टक्के कमी झालं. शारीरिक क्षमता सर्वांत जास्त वाढली ती या तिसऱ्या गटाची! नुसतं लीन मास पाहून हे कळलंच नसतं.

घरच्या घरी करायची चाचणी अशी: भिंतीला टेकवलेली बिनहाताची खुर्ची घ्या, हात छातीवर घडी करा आणि पाच वेळा पूर्ण उठून बसा. कुणीतरी शेजारी उभं असू द्या. चौथ्या-पाचव्या वेळी हात आपोआप मांडीकडे जातो का, अंग पुढे झोकावं लागतं का, हेही बघा. वयानुसार होणाऱ्या स्नायूंच्या झिजेवर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषांत 12 सेकंद किंवा जास्त लागणं ही धोक्याची खूण मानली आहे. हाताच्या पकडीची ताकद पुरुषांत 28 आणि स्त्रियांत 18 किलोपेक्षा कमी असली, तर तेही तसंच.

माझी निवड डेक्सा दोनदा आणि खुर्चीची चाचणी दर महिन्याला. डेक्सा जमत नसेल तर घरचा काटा चालेल, खुर्ची मात्र हवीच. वजन उतरतंय आणि उठायला लागणारे सेकंद महिन्यागणिक वाढतायत असं दिसलं, तर पुढच्या स्कॅनची वाट पाहू नका. वजन घटवण्याचा वेग, प्रथिनं आणि व्यायाम याबद्दल डॉक्टरांशी लगेच बोला.